बेन्झीनमधला पाचू

मला राग पटकन येतो आणि शब्द उशिरा. त्यामुळे माझी बरीचशी भांडणं समोरचा माणूस निघून गेल्यावर पूर्ण झालेली आहेत. प, ब, ग, क, ट या अक्षरांशी माझं लहानपणापासून वाकडं. ओठ मिटले की मिटलेच. आत वाक्य तयार, अगदी स्वल्पविरामासकट, आणि बाहेर नुसती धाप. अशा मुलीनं भूशास्त्रात एम.एस्सी. करायचं मनावर घ्यावं, याला काय म्हणायचं? तिथं रत्नांची नावंच मुळी बेरिल, टोपाझ, गार्नेट, क्वार्ट्झ, टूर्मलीन. मराठीत यावं तर पाचू, पुष्कराज, गोमेद. एक झिरकॉन आणि एक ऑलिव्हिन तेवढे माझ्याशी माणुसकीनं वागत.

दगडांची आवड घरातलीच. बाबा भूवैज्ञानिक. त्यांचं ऑफिस नागपूरच्या रामदासपेठेत, पण महिन्यातले निम्मे दिवस ते कन्हान नदीपलीकडच्या मँगनीजच्या खाणींवर असायचे. जीपमधून उतरायचे तेव्हा कानाच्या पाळ्यांपर्यंत काळे झालेले असत आणि पँटचे दोन्ही खिसे दगडांनी फुगलेले. ते दगड आमच्या खिडक्यांमध्ये, मीटरच्या पेटीवर, कपड्यांच्या कपाटात, सगळीकडे ठाण मांडून बसले होते. खाणीतला एक नारिंगी ठिपक्यांचा दगड तर देवघराशेजारी होता. ते ठिपके म्हणजे मँगनीजचं गार्नेट, आणि नागपुराभोवतीच्या खडकांत ते पोत्यानं सापडतं. दागिन्यात जडवण्याएवढा मोठा दाणा मात्र त्यात कधी मिळत नाही, असं बाबा मोठ्या आनंदानं सांगत. उपयोगाच्या नसलेल्या गोष्टींवर त्यांचा विशेष जीव होता.

घर चालवायची आत्या. बाबांची मोठी बहीण, ते तिला 'बाई' म्हणत. आई मी पाचवीत असताना गेली, आणि काटोलकडच्या गावाहून आत्या आम्हाला सांभाळायला आली ती राहिलीच. तिला मूलबाळ नव्हतं, यजमानही लवकर गेलेले. शेतीच्या घरात वाढलेली, बोलणं अस्सल गावाकडचं, आणि आवाज असा की अंगणातून हाक मारली तर गल्लीतल्या तीन घरांतून ओ यायची. माझ्या अडखळण्याचं तिला मनापासून दुःख होतं. बाबांनाही होतं, पण ते दाखवत नसत. मला दोघांचाही राग यायचा, एकीचा दाखवते म्हणून आणि दुसऱ्याचा दाखवत नाही म्हणून.

सिलिकेट म्हणजे काय, हे मला बाबांनी बोरांवर शिकवलं होतं. मी तेव्हा शाळेत होते. त्यांनी ताटात तीन बोरं एकमेकांना चिकटवून ठेवली, त्यांच्यावर चौथं बसवलं आणि मधल्या पोकळीत मोहरीचा दाणा टाकला. "ही चार बोरं म्हणजे ऑक्सिजन, आणि मोहरी म्हणजे सिलिकॉन. पृथ्वीच्या पाठीवरचा बहुतेक दगड या एवढ्या खेळावर उभा आहे." मग ताटातल्या ताटात त्यांनी मांडणी बदलून दाखवली. अशा चौकड्या सुट्यासुट्या राहिल्या आणि मधल्या जागेत धातू येऊन बसले की गार्नेट, झिरकॉन, टोपाझ. सहा चौकड्यांनी हात धरून फेर धरला की बेरिल. सगळ्यांनी सगळ्यांचे हात धरले, कोणाचाच हात मोकळा राहिला नाही, की क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. जांभळी झाली तर तिलाच ॲमेथिस्ट म्हणायचं. त्या दिवशी आत्या कढईशी उभी राहून ओरडत होती की बोरं खायची असतात. मला मात्र ते चित्र आयुष्यभर पुरलं.

ही गोष्ट एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, सत्तरच्या दशकातली. माझे लेखी पेपर चांगले जात. घोडं अडायचं ते तोंडी परीक्षेत. आदल्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या हातात दगड दिला आणि मी त्याचं नाव घ्यायला गेले ते नुसती ओठ दाबून उभी राहिले. शेवटी त्यांनी दया येऊन कागद पुढे सरकवला. मी लिहून दिलं, पास झाले, आणि घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलले नाही. लोकांना वाटलं वाईट वाटलं असेल. वाईट नव्हतं वाटलं, संताप आला होता.

आमच्या विभागप्रमुखांनी मला त्या वर्षी बोलावून घेतलं. शहरातल्या एका मुलींच्या महाविद्यालयात भूशास्त्राची शिक्षिका हवी होती आणि त्यांनी नाव सुचवावं असा निरोप होता. ते स्पष्ट बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, "तुझ्याइतकं दगड ओळखणारं वर्गात कोणी नाही. पण वर्गापुढे उभं राहून बोलायचं आहे. या वेळच्या तोंडी परीक्षेत तू बोललीस तर मी तुझं नाव देईन. कागद मागितलास तर नाही देणार, आणि तू माझ्यावर रागावू नकोस." मी रागावले. पण मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की त्या महाविद्यालयावरून जाताना मी मान दुसरीकडे वळवायची.

मग घरी सराव सुरू झाला. आमच्याकडे तोंडी परीक्षेच्या उत्तराला ठरलेला क्रम असे. आधी गुणधर्म, मग प्रकार, मग उत्पत्ती. दगड हातात आला की रंग, कस, काठिण्य, वजन, कसा फुटतो ते सांगायचं. मग त्याची भावंडं सांगायची. मग तो पृथ्वीच्या पोटात कुठं, कशातून जन्मला ते. बाबा घरी नसत, म्हणून परीक्षक आत्या. ती भाजी निवडता निवडता एक हात मागे नेऊन खिडकीतला हाताला लागेल तो दगड उचलायची आणि माझ्यासमोर धरायची.

"हं, सांग. हे काय हाये?"

"ट... ट... टोपाझ."

"हे तं लिंबाच्या लोनच्यावरचं वजन हाये. जाऊ दे. सांग समोर."

मी सांगायची. टोपाझ कठीण, क्वार्ट्झवर ओरखडा काढतो. हाताला जड लागतो. पण त्याला एक सपाट कमजोर पातळी असते. त्या दिशेनं टिचकी बसली की एवढ्या कठीण दगडाचे सुरी फिरवल्यासारखे दोन तुकडे होतात. आत्या मान डोलवायची. तिला एक अक्षर कळत नसे, पण ती ऐकायची मात्र नीट. मी एखाद्या शब्दावर अडकले की तिचा भाजी निवडणारा हातही थांबायचा, आणि शब्द सुटला की पुन्हा सुरू व्हायचा. मेथीची जुडी निवडून व्हायला आमच्याकडे अख्खी दुपार लागायची ती यामुळं.

परीक्षा जवळ आली तशी ती माझी पत्रिका घेऊन कोणा महाराजांकडे गेली. परत आली ती चेहरा उजळूनच.

"बुध कमजोर हाये इचा," तिनं बाबांना सांगितलं. "वाचा बुधाकडे असते म्हनते महाराज. करंगळीत पाचू घालाले सांगतलं."

बाबा नुकते खाणीवरून आले होते, हातपायसुद्धा धुतले नव्हते. "बाई, पाचू म्हणजे बेरिलियम आणि ॲल्युमिनियमचं सिलिकेट. त्याचा आणि हिच्या जिभेचा काय संबंध? काहून डोकं खराब करून राहिली तिचं?"

"तुह्या दगडाईनं घर भरलं, तवा मी काई बोलली काय? हा एक दगड माहा."

तिनं आपली अंगठी काढली. ती तिला सासूनं दिलेली होती. जुन्या घडणीची, जाड सोन्याची, आणि कोंदणात तुरीच्या दाण्याएवढा हिरवागार खडा. यजमानांच्या घरची म्हणून तिच्यापाशी उरलेली ती एकच वस्तू. रोज भांडी घासायच्या आधी ती अंगठी पदराच्या टोकाला बांधायची आणि काम झालं की पुन्हा बोटात घालायची. ती तिनं माझ्या तळहातावर ठेवली. मला भरून आलं, आणि नको म्हणायला गेले तर शब्द फुटेना, तोवर तिनं माझी मूठ मिटवली होती.

बाबांनी अंगठी घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "काच आहे."

"काच कशी असन? माह्या सासूची हाये."

"सासूचीही काच असू शकते, बाई. एवढा हिरवा, एवढा स्वच्छ पाचू शेतकऱ्याच्या घरी कुठून येणार?"

आत्या दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. वाढायची, पण ताट जरा जोरात ठेवायची.

अंगठी माझ्या करंगळीत ढिली होत होती. ती लहान करून आणायला बाबा स्वतःहून तयार झाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सोनारकामासाठी त्यांनी आयुष्यात कधी इतवारीतल्या सराफाची पायरी चढली नव्हती. त्यांनी सोनाराकडून खडा काढून घेतला, आणि सोनं त्याच्याकडे ठेवून खडा खिशात घालून थेट ऑफिसच्या प्रयोगशाळेत गेले. खडा खोटा आहे हे सिद्ध करायचं आणि बहिणीचं तोंड बंद करायचं, एवढाच हेतू. माझ्या हितासाठी म्हणून, हे त्यांनी नंतर सांगितलं, आणि ते खरंही असावं.

तिथं काय झालं ते मला त्यांच्याकडूनच कळलं. जड द्रव वापरून खनिज ओळखायची आमची जुनी रीत आहे. ब्रोमोफॉर्म नावाचा द्रव पाण्यापेक्षा जवळपास तिप्पट जड असतो. त्यात गारगोटी तरंगते, टोपाझ बुडतो. त्यात बेन्झीन मिसळत गेलं की द्रव हळूहळू हलका होतो. बाबांनी खात्रीच्या बेरिलचा एक कपचा त्यात टाकला आणि तो ना वर ना खाली, अगदी मधोमध थांबेपर्यंत बेन्झीनचे थेंब सोडले. मग आत्याचा खडा आत सोडला. काच असती तर तळाला गेली असती नाहीतर वर आली असती. खडा संथपणे खाली आला आणि बेरिलच्या कपच्याशेजारी, त्याच उंचीवर, उभा राहिला.

बाबा म्हणाले की त्यांनी काचनळी हलवून पाहिली. दोन्ही तुकडे हलले आणि पुन्हा शेजारी शेजारी येऊन थांबले. मग त्यांनी खडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत एक करवतीच्या दातांसारखी वेडीवाकडी पोकळी, तिच्यात पाणी, पाण्यात एक बुडबुडा आणि एक चौकोनी मिठाचा कण. पाचू ज्या गरम खारट पाण्यातून बनला त्याचाच तो थेंब, कोट्यवधी वर्षं कोंडलेला. असा थेंब दक्षिण अमेरिकेतल्या पाचूत सापडतो. म्हणजे तो खडा कधीकाळी समुद्र ओलांडून आला होता, कोणा व्यापाऱ्याच्या कमरेला, कोणा सरदाराच्या कलगीत, देव जाणे कुठं कुठं फिरून काटोलकडच्या सासूच्या बोटात आला होता. बाबा हे सांगताना थांबत, आणि पुन्हा सांगत.

बेरिल त्यांनी पुसून डबीत ठेवलं. खडा धुवायला म्हणून बेन्झीनच्या बीकरमध्ये टाकला. तेवढ्यात खाणीवरून निरोप आला की एका बाजूचा खडक सरकलाय, लगेच या. बाबा तसेच जीपमध्ये बसले आणि तीन-चार दिवसांनी परत आले. तोवर पाचू बेन्झीनमध्ये.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. पाचू सहसा निर्दोष नसतो. त्याच्या अंगात बारीक भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून त्याला तेल पाजतात. तेल भेगांत शिरतं आणि खडा एकसंध, हिरवागार दिसतो. ही गोष्ट बाबांना ठाऊक नव्हती असं नाही. पण ते काच तपासायला बसले होते, आणि काचेला कोणी तेल पाजत नाही. तो पाचू निघाल्यावर त्यांचं भान हरपलं. बेन्झीन तेल विरघळवतं, हे तर बारावीच्या मुलालाही माहीत असतं. त्या चार दिवसांत खड्यानं प्यालेलं सगळं तेल बेन्झीननं ओढून काढलं. बाबांनी तो तसाच सोनाराकडून कोंदणात बसवून घेतला आणि अंगठी पुडीत बांधून देवापुढे आणून ठेवली.

बुधवारी सकाळी अंघोळ करून मी देवासमोर बसले. आत्यानं अंगठी कच्च्या दुधात बुडवली, धुतली, पुसली आणि माझ्या करंगळीत घातली. मग तिचा हात तसाच थांबला. खडा फिकट झाला होता. आतून धुकं भरल्यासारखा, आणि त्यात आडव्यातिडव्या पांढुरक्या भेगा. बाबा दाराशी उभे होते. त्यांच्याकडे बघितलं मात्र आणि मला सगळं समजलं, कारण त्यांच्या शर्टाला बेन्झीनचा तो गोडसर वास अजून येत होता.

मला वाटलं आत्या आता रडेल. तिनं खडा डोळ्यांजवळ नेला, कपाळाला लावला आणि हात जोडले.

"घेतलं बाप्पा यानं," ती म्हणाली. "अंगावर घेतलं. बोटात जायच्या आधीच घेतलं."

आमच्याकडे ही समजूत आहे. ग्रहाचा खडा तडकला किंवा त्याचा रंग उडाला तर तो वाया गेला असं कोणी मानत नाही. उलट, माणसावर येणारं संकट त्यानं स्वतःवर घेतलं, त्याचं काम झालं, असं मानतात. तसा खडा मग नदीत सोडतात, पण परीक्षा होईपर्यंत तो माझ्या बोटातच राहील असं आत्यानं ठरवून टाकलं. आत्या आनंदानं उठली, तिनं दारात मागायला आलेल्या एका बाईच्या पदरात बुधाचं दान म्हणून हिरवे मूग घातले आणि शेजारी सांगून आली की आमच्या पोट्टीची वाचा मोकळी होणार, दगडानं साक्ष दिली.

संध्याकाळी मी बाबांना अंगणात गाठलं. "ब... बे... बेन्झीन?" एवढंच विचारलं.

"हो," ते म्हणाले.

माझा पारा चढला होता. तिची एकुलती एक वस्तू, आणि तुम्ही ती न विचारता बाटलीत टाकलीत, असं सगळं मला म्हणायचं होतं. पण बाबा खाटेच्या कडेला इतके खाली मान घालून बसले होते की माझा राग तिथंच उतरला. घरात कोणी चुकीचं विधान केलं तर जेवता जेवता ताट बाजूला सारून दुरुस्त करणारा हा माणूस. सकाळपासून गल्लीभर दगडाच्या साक्षीची गोष्ट फिरत होती आणि त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता.

"सांगून टाकू का बाईला?" त्यांनी मला विचारलं. "पण मग तुझं कसं?"

"मला माहीत आहे ना. माझ्यावर क... काय फरक पडतोय?"

"पडतो," बाबा म्हणाले. "तिच्याकडे बघून पडतो. परवा तुझी परीक्षा. त्यानंतर सांगतो."

खरं सांगायचं तर थोडा पडतच होता. मला सगळं रसायनशास्त्र ठाऊक होतं, तरी सकाळपासून मी मधूनच करंगळीकडे बघत होते आणि हळूच 'पाचू' म्हणून पाहत होते. एकदा तो शब्द सरळ आला. पुढच्या वेळी नाही आला. मी स्वतःवरच चिडले.

तोंडी परीक्षेच्या दिवशी एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. विभागाच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या आणि शिपाई बादलीतून त्यांच्यावर पाणी मारत होता. परीक्षक पुण्याकडून आलेले, वयस्कर, घामानं हैराण झालेले. टेबलावर ट्रेमध्ये दगड मांडलेले होते. शेजारी आमचे विभागप्रमुख. मी बोटात अंगठी घातली होती, कारण न घालता घराबाहेर पडणं आत्यानं शक्यच ठेवलं नव्हतं.

पहिला दगड गार्नेट. आपल्याकडचंच, नारिंगी. ग वर मी अडकले. किती वेळ गेला कोण जाणे, ताट्यांतून पाणी टपकायचा आवाज तेवढा येत होता. परीक्षकांनी घाम पुसला, आणि अगदी प्रेमानं, हसून, कागद आणि पेन माझ्याकडे सरकवलं. विभागप्रमुखांनी खिडकीकडे मान वळवली.

त्या कागदाला पाहून माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तो उचलला आणि परत त्यांच्या बाजूला ठेवला. जरा जोरातच ठेवला गेला असावा, कारण पेन घरंगळत खाली पडलं. "मी बो... बो... बोलणार आहे," मी म्हटलं. "वेळ लागेल."

"लागू दे," ते म्हणाले. "बाहेर फार ऊन आहे. मलाही कुठं जायचं नाही."

मी बोलले. गार्नेट झालं. त्याला सपाट फुटायची पातळी नसते, तो गोलसर बारा बाजूंचा वाढतो, धातू बदलला की लाल, नारिंगी, हिरवा होतो, आणि मातीचे थर दाबाखाली तापले की जन्मतो. प्रत्येक वाक्य दोनदा-तीनदा अडलं. मग त्यांनी हिरवट सहा कोनांचा स्फटिक पुढे केला. बेरिल. मी त्याचे गुणधर्म सांगितले, निळा तो ॲक्वामरीन, गुलाबी तो मॉर्गनाइट, क्रोमियम शिरलं तर पाचू, हे सांगितलं. क्रोमियम काळ्या जड खडकात असतं, बेरिलियम फिक्या ग्रॅनाइटच्या रसात. एरवी ही दोन घराणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. जिथं रस त्या काळ्या खडकात घुसतो तिथं पाचू होतो, म्हणून तो दुर्मीळ. क्वचित गरम खारट पाण्यातूनही होतो.

"ठीक. आता समजा मी तुम्हाला कापलेला पाचू दिला," परीक्षक म्हणाले, "आणि जड द्रवात त्याची घनता काढायला सांगितली. काय काळजी घ्याल?"

"का... काढणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"तेल जाईल."

ते खुर्चीत पुढे सरकले. "हे पुस्तकात कुठं वाचलंत?"

मी हात पुढे केला आणि अंगठी दाखवली. मग ती गोष्ट सांगण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. आत्याची सासू, बुध, इतवारीतला सोनार, काचनळीत शेजारी शेजारी थांबलेले दोन खडे, मिठाचा चौकोनी कण, खाणीवरचा निरोप. 'बेन्झीन' हा शब्द त्या गोष्टीत सतत येत होता आणि दर वेळी मी त्यावर ठेचकाळत होते. पण ते हसत होते ते गोष्टीला. आणि विभागप्रमुख खिडकी सोडून माझ्याकडे बघत होते. आत्यानं हात जोडले त्या जागी आले तेव्हा परीक्षकांनी हसणं थांबवलं आणि विचारलं, "त्यांना सांगितलंत?" मी म्हटलं, "अजून नाही." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी बराच वेळ बोलतेय. मी एका अनोळखी माणसाशी इतकं सलग कधीच बोलले नव्हते. अडखळणं जराही कमी झालं नव्हतं. मला फक्त त्याची आठवण राहिली नव्हती.

बाहेर पडताना विभागप्रमुख दारापर्यंत आले. "उद्या त्या महाविद्यालयाला चिठ्ठी पाठवतो," म्हणाले, आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

घरी आले तेव्हा आत्या फाटकातच उभी होती. मी सांगितल्याबरोबर ती शेजाऱ्यांकडे निघाली. "म्या म्हनलं होतं ना, दगडानं घेतलं म्हनून..."

"बाई, थांब," बाबा आतून म्हणाले. "बस इथं. तुले काही सांगायचं आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. काहीही सारवासारव केली नाही. खडा खरा निघाला, हे आधी सांगितलं, आणि मग तो कसा खराब केला तेही. तेल पाजलं की रंग परत येईल, उद्या मीच इतवारीत घेऊन जातो, असंही म्हणाले. आत्या ऐकत बसली. आधी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती संतापली. "माह्या सासूचा खडा तू बाटलीत टाकला, मले न इचारता?" बाबांनी मान हलवली. मी मध्ये पडले नाही, ते त्या दोघांचं होतं.

मग तिनं माझा हात ओढून घेतला आणि त्या फिकट, भेगाळलेल्या खड्यावर अंगठा फिरवला.

"म्हंजे यानं काई अंगावर नाई घेतलं?"

"नाही, बाई."

"काईच नाई?"

"तो दगड आहे, बाई. त्यानं काहीच केलं नाही."

ती माझ्याकडे बघू लागली. नुसती बघत राहिली, जशी मला पहिल्यांदाच बघत असावी. मग हळूच बाबांकडे वळली.

"मंग आज तिथं बोललं कोन गा?"

बाबा उत्तर द्यायला गेले. त्यांचे ओठ उघडले, आणि शब्द काही येईना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. आत्या त्यांना काही म्हणणार होती, मी तिच्या हातावर हात ठेवला. अशा वेळी माणसाला घाई करायची नसते.